गुंजाईनं ऐकलेला माळ

फार वर्षांमागं, आपल्या शिरपाडळीच्या माळावर कमरेइतकं गवत असायचं, तेव्हाची ही गोष्ट. माळाच्या कडेला फासेपारध्यांची पालं होती. फास लावून तित्तर धरायचे, गावात देऊन ज्वारी न्यायची, त्यावर त्यांचं पोट. अन् नाकं मुरडू नका रे, तुमच्याच पणज्यांनी तो रस्सा ओरपलाय.

त्या पालांत गुंजाई नावाची म्हातारी होती. माळाच्या पार टोकाला बोर पडलं तरी तिला इकडं ऐकू यायचं, असं म्हणतात. चैत्रात नर तित्तर आपापली जागा धरून ओरडतो. तेव्हा गुंजाई तांबडं फुटताना माळावर जायची, एकेका टेकाडावर थांबायची अन् ओरडणाऱ्या दर नरामागं एक खडा ओच्यात टाकायची. एक नर म्हणजे एक जोडी. एकाच वेळी दोन बाजूंनी आवाज आला तर दोन खडे. पण थोड्या वेळानं दुसरीकडून आला तर ती खडा टाकायची नाही. तोच नर सरकून ओरडला असला तर? ओचा जड झाला की माळ खुला. हलका राहिला की माळ बंद, वर्षभर एकही फास लावायचा नाही. तिचा शब्द पाटीलसुद्धा मोडत नव्हता.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला. गवत करपलं, पालांत पीठ दिसेना, अन् गुंजाईची सून झुंबरी पोटुशी. यंदा आई माळ बंद म्हणणार हे लेकाला, तुळशाला, कळून चुकलं होतं. बायकोकडं बघून त्याचा जीव तुटायचा. त्यानं काय केलं, तर घरचे पाळलेले तित्तर पिंजऱ्यांसकट माळावरच्या झुडपांत लपवले.

गुंजाई माळावर गेली. इकडून ओरडा, तिकडून ओरडा. ओचा भरत चालला. म्हातारी इतकी हरखली की तिच्या तोंडून निघून गेलं, "सून जगली गं बाई!"

अन् तिथंच घोटाळा झाला. माणसाचा आवाज आला की रानातला तित्तर चिडीचूप होतो. हे मात्र जास्तच ओरडायला लागले. जन्मभर तिच्याच हातची वाळवी खाल्लेली ना! गुंजाईनं झुडूप बाजूला केलं, पिंजरा पाहिला अन् सगळी झुडपं धुंडून पिंजरे मोजले. मग पाळलेल्या पाखरांचे खडे तिनं ओच्यातून काढून फेकले. उरले ते मुठीत मावले.

तुळशा पाया पडला. "आये, ह्या एका वर्षी खोटं बोल. झुंबरीकडं बघ."

"बघतीय की. पन तिच्या लेकरानं उद्या काय धरायचं? मोकळं गवत?"

माळ बंद झाला. गावानं काय केलं? गाव "बरं" म्हणालं अन् आपापल्या घरी जेवायला बसलं.

गुंजाई आपल्या वाटणीचं सुनेला द्यायची. स्वतः पाठमोरी बसून वाडग्यात खडे घोळवायची. घरच्यांना वाटायचं, जेवतेय. झुंबरीला मुलगी झाली, धडधाकट. गुंजाईनं पावसाच्या तोंडावर उपाशीपोटी माळावरच जीव सोडला. ओच्यातले खडे गवतात सांडले होते. पावसात त्या खड्यांना तडे गेले अन् एकेकातून तित्तराचं पिल्लू पळालं, असं म्हणतात. खरंखोटं मला विचारू नका. पुढं माळ पुन्हा भरला, इतकं मात्र झालं.

तेव्हा कुठं गावाला लाज वाटली. माळ बंद असला की घरातली पहिली भाकर पालांवर न्यायची, मग आपण जेवायचं, असं ठरलं. रोज एका घराची पाळी. तिला गुंजाईची भाकर म्हणतात. चैत्रात झुंबरीच्या वंशातली बाई अजून टेकाडावर उभी राहते, अन् त्या सकाळी गाव कुत्रीसुद्धा बांधून ठेवतं. आता तर सरकारनंच तित्तर धरायला बंदी केलीय. म्हणजे माळ कायमचाच बंद. म्हणून भाकर रोज जाते.

आज पाळी आपली आहे. उठा, कोण नेतंय? निवायला लागलीय.