वळणापुरती वायर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडून ऐकावी.

डोंगरमाथ्यावर एक राज्य होतं. तिथल्या राजाला लोंबतं काही खपत नसे. एकदा त्यानं फर्मान काढलं, "सायकलीच्या ब्रेकची वायर हँडलापासून चाकापर्यंत ताठ पाहिजे. लोंबती दिसली की सायकल जप्त!"

मिस्त्री पक्कड घेऊन बसला आणि दिसेल ती वायर आखूड करत सुटला. सायकली कशा, मुंजीच्या बटूसारख्या नीटनेटक्या दिसायला लागल्या.

त्या गावात एक सुईण होती. तिची सायकल जुनी, रिमला रबर घासून थांबणारी. मिस्त्रीनं तिच्या वायरीला पक्कड लावली तसा तिनं त्याचा हातच धरला.

"आधी हँडल वळवून बघ. वळताना वायरीला जागा लागते. आखूड केलीस तर ती ओढली जाईल आणि न दाबताच ब्रेक लागेल."

"बाई, तुम्ही बाळं काढा. वायरी आम्हाला कळतात."

"तुलाही मीच काढलाय. तेव्हाही उलटाच होतास!"

सायकल घेऊन ती तडक निघाली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घाटाखालच्या वाडीतून सांगावा आला. पहिलटकरीण अडली होती, बाळ आडवं होतं. सुईण सायकलीवर बसली, पण वेशीवर कोतवाल आडवा आला.

"वायर लोंबतेय. सायकल इथंच ठेवा."

"चालत गेले तर दिवस मावळेल, अन् ती पोर मरेल. तिच्या सरणावर फर्मान वाचणार आहेस का?"

त्याला ढकलून ती उताराला लागली. कोतवालही आपल्या सायकलीवर मागे सुटला.

घाटात मोठं वळण आलं. सुईणीनं हँडल वळवलं, वायर त्याबरोबर सुखानं वाकली. हवा तेवढा ब्रेक दाबत ती पार झाली. कोतवालानं हँडल वळवलं मात्र, आखूड वायर ताणली गेली आणि रबरांनी पुढचं चाक करकचून धरलं. सायकल थांबली, कोतवाल थांबला नाही. थेट निवडुंगात!

सुईणीनं मागं पाहिलं. शिव्या देतोय, म्हणजे जिवंत आहे. ती थांबली नाही.

बाळ रडलं, आई वाचली, तेव्हा कुठं ती परत फिरली. कोतवाल तिथंच विव्हळत होता.

"सायकल... जप्त करायचीय," तो पुटपुटला.

"आधी काटे जप्त करू. पालथा पड!"

सकाळी कोतवाल लंगडत मिस्त्रीकडे गेला. "माझी वायर वीतभर लांब टाक."

"आणि फर्मान?"

"महाराजांना म्हणावं, एकदा घाट उतरून बघा."

राजा काही उतरला नाही. पण त्या दिवसापासून गावात कुणी वायर कापू दिली नाही, आणि जप्त करायला कोतवालही आला नाही.

तात्पर्य: ताठ दिसायच्या हौसेपायी वळायची जागा कापू नये, जो कापतो, तो वळणावर तोंडावर पडतो.