पंख्याच्या पोटातला बिघाड

दुरुस्तीच्या नावाखाली तुम्ही किती चांगल्या वस्तू मोडल्यात, ते एकदा सांगाच.

फार पूर्वी एका घरातल्या कामाच्या टेबलावर एक बंद पंखा आला. आज फिरला नाही, तर तो भंगारात जाणार होता.

"मला उघडण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा," पंखा म्हणाला.

"शोधायला तो काय हरवलाय? तुझ्या पोटातच असणार," म्हणत स्क्रूड्रायव्हरने त्याला उघडलं. पक्कडीने आतल्या तारा तोडल्या. मग कुठली तार कुठे होती, हे दोघांनाही आठवेना. संध्याकाळी पंखा भंगाराच्या पोत्यात गेला.

"मला कुणी विचारलंच नाही," भिंतीवरचा सॉकेट म्हणाला. "सकाळपासून माझ्यातच वीज नाही."