तीन दारे आणि दादाचे नाव

एका राज्यात चित्रांगी नावाची राजकन्या होती. तिची जीभ ‘म’वर अडे. म्हणून ती मोराला नाचरा पक्षी म्हणे, मिठाला ते पांढरे म्हणे, आणि थोरल्या भावाला, माणिकसेनाला, नुसते दादा म्हणून भागवी. दरबारी तिचे वाक्य आपणच पुरे करून टाकत. दादा तेवढा थांबे.

त्या दादाचा एका जादूगाराने दगड केला आणि तीन दारांआड ठेवला. उःशाप असा, की दर दारी राखणदाराच्या भाषेत, शेवटी स्वतःच्या भाषेत, त्याचे नाव घ्यावे. वर्ष सरले की दगडाची माती होणार.

पहिल्या दारी साळुंकी होती. चित्रांगी तिची भाषा शिकली, आणि नवल म्हणजे जीभ कुठेच अडेना! तिने घडाघडा नाव घेतले. दार हलले नाही. साळुंकी म्हणाली, अजून शीक. ती शिकत राहिली, साळुंकीच्या भाषेत तिला स्वप्ने पडू लागली, आणि एके सकाळी ‘म’ अडला. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कसेबसे नाव पुरे केले, तर दार उघडले. का, ते तिला उमगेना.

दुसऱ्या दारी नाग. तिथेही तेच झाले. चित्रांगी पार चक्रावली.

तिसऱ्या दारी यक्ष होता. युक्ती कळली असे समजून तिने मुद्दाम अडखळत नाव घेतले. यक्ष हसला, दार ढिम्म. अडखळावे की अडखळू नये? महिने गेले, वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. ती रडत, चिडत, यक्षाच्याच भाषेत त्याच्याशी भांडू लागली, आणि भांडता भांडता नावावर खरोखरच अडली.

दार उघडले. यक्ष म्हणाला, “पाहुणा पसारा करीत नाही, राजकन्ये. पसारा घरच्याचा. आता ही भाषा तुझे घर झाली.”

हे तिला अर्धेच कळले. आत दगड होता. सूर्य कलत होता.

“म... म... म... माणिकसेन.”

दगडाचा माणूस झाला. जादूगाराची विद्या आटली, राज्याला राजपुत्र परत मिळाला.

“दादा, जाग केव्हा आली?”

“पहिल्या ‘म’ला.”

“म... मग उठला का नाहीस?”

“तुझे बोलून व्हायचे होते,” दादा म्हणाला.