पाठीची माती

“पण वस्ताद, नुसतं नाचलो म्हणून कुणी शिक्षा करतं का?”

बाबालाल वस्ताद तालमीच्या पायरीवर बसून लिंबं चिरत होते. ती हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याच्या मातीत पिळायची होती. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं नाचलास?”

“गेममध्ये.”

“मग नाचलास तर नाचलास. ते सांगायला एवढ्या उन्हाचं आलास व्हय?”

धैर्यशील त्यांच्या शेजारी पायरीवर टेकला.

दुपारची वेळ होती. सकाळची पोरं मेहनत करून गेली होती, संध्याकाळची यायची होती. तालमीत या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

धैर्यशील एकेकाळी याच तालमीतला पठ्ठा. अंगानं भरलेला, डोक्यानं तापट आणि वस्तादांच्या जिवाचा तुकडा. एका जत्रेच्या मैदानात त्याचा खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. घरी बसून करायचं काय, म्हणून हातात मोबाईल आला. जिद्द तर होतीच. बघता बघता त्या ऑनलाइन लढाईच्या खेळात त्याचं नाव झालं. लोक आपला खेळ सोडून त्याचा खेळ बघत बसायला लागले. त्याचा संघ पुण्यातल्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि नेमकी तेव्हाच खेळाच्या कंपनीनं त्याच्यावर बंदी घातली. अख्ख्या हंगामाची.

“लबाडी केलीस?” वस्तादांनी विचारलं.

“आईशप्पथ नाही. जिंकलो ते माझ्या हातांनी जिंकलो.”

“मग?”

“जिंकल्यावर जरा...” त्यानं हात उडवला. “सगळेच करतात ओ वस्ताद. मी सापडलो, एवढंच.”

वस्तादांनी आणखी एक लिंबू चिरलं.

मग धैर्यशीलनं ज्यासाठी आला होता ते सांगून टाकलं. कंपनीची एक शिस्त समिती होती. खेळाडूच्या गुरूनं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर त्याची हमी दिली, तर समिती बंदीचा पुन्हा विचार करणार होती.

“तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, वस्ताद. हा माझा पठ्ठा आहे, चांगल्या वळणाचा आहे. बस्स. मी मोबाईल समोर धरतो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आन न्हाई म्हनलो तर?”

“तर संघ दुसरा गडी घेईल. आणि पुन्हा मला कुणी विचारणार नाही. कुस्ती गेली, वस्ताद. आता हेही गेलं, तर माझ्याजवळ राहिलं काय?”

वस्तादांनी सुरी खाली ठेवली. या पोराचा खांदा ज्या दिवशी निखळला, त्या दिवसापासून त्यांना त्याच्याकडं नीट बघवत नव्हतं. आता त्यांनी नीट बघितलं.

“दाव, काय केलंस ते.”

त्यानं मोबाईल पुढं धरला. वस्तादांना मोबाईल म्हणजे उचलायचा, बोलायचं आणि ठेवायचा, एवढंच ठाऊक. त्यांनी डोळे बारीक केले.

पडद्यावर एक पडका वाडा होता, धूर होता. एक शिपाई पळत आला आणि दुसऱ्याला त्यानं आडवा केला. सामना संपला. तेवढ्यात हरलेल्याचा, एका कोवळ्या पोराचा आवाज आला, “भारी खेळलास, दादा.”

त्यावर धैर्यशीलचं हसणं ऐकू आलं. मग शिव्या. आईवरनं, बापावरनं. आणि त्याचा तो शिपाई पडलेल्याच्या अंगावर चढून नाचायला लागला. नाच बराच वेळ चालला.

पोराचा आवाज पुन्हा आला नाही.

वस्तादांनी मोबाईल हळूच पायरीवर उपडा ठेवला.

“त्यो पडलेला कोन?”

“कुणास ठाऊक. नवीन होता कुणीतरी.”

“मग त्यानं काय केलं?”

“काही नाही. निघून गेला. नंतर कुणाला खेळताना दिसला नाही म्हणतात.”

“त्याला उठवलंस का?”

धैर्यशीलला हसू आलं. “वस्ताद, त्यात उठवता येत नाही. पडला की पडला.”

“त्याच्याशी बोलता येतंय?”

“येतं की. बंदी खेळण्यावर आहे, निरोपावर नाही. पण आता बोलून काय करायचं?”

वस्तादांनी हौद्याकडं बघितलं.

“बोलतो मी तुज्या त्या समितीशी,” ते म्हणाले. “पन आदी हौदा उकर.”

धैर्यशीलचं तोंड उतरलं. या तालमीची रीत त्याला ठाऊक होती. कुणी गैर वागलं तर त्याला इथं हाकलत नसत. त्याच्या हातात खोरं देत आणि सगळा हौदा उकरायला लावत.

“एक शिक्षा आहेच की माझ्यावर, वस्ताद.”

“ती त्यांची. ही माजी.”

त्यानं बूट काढले, बाह्या सारल्या, माती कपाळाला लावली आणि खोरं उचललं. मनात राग होता, तो मातीवर निघाला. ढेकळं इकडं, माती तिकडं. खांदा ठणकायला लागला, तसा रागही वाढला. पलीकडचा कोपरा तसाच राहिला. त्यानं खोरं भिंतीला टेकवलं.

“झालं.”

“झालं म्हनतोस?”

“हो.”

वस्ताद उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, थांबत थांबत उठले. सदरा काढून पायरीवर ठेवला, मातीला हात लावून हौद्यात उतरले आणि सरळ त्या राहिलेल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

“ये. पट काढ माजा.”

“काय?”

“पाय धर आन पाड मला. इसरलास का समदं?”

“वस्ताद, तुमचे गुडघे...”

“माजं गुडघं मी बगतो. तू ये.”

वस्तादांचा शब्द मोडायची सवय त्याला कधीच नव्हती. तो जवळ गेला, वाकला, हात घातला. म्हाताऱ्याची मांडी हाताला किती हलकी लागली! याच मांडीला धरून तो कुस्ती शिकला होता, तेव्हा ती खांबासारखी जागची हलायची नाही.

आणि तेवढ्यात त्याच्या अनवाणी पायांना खालची माती कळली. फरशीसारखी टणक होती.

त्यानं हात काढून घेतले.

“थांबा, वस्ताद. इथलं उकरायचं राहिलंय.”

“ऱ्हाऊ दे की. मगा झालं म्हनलास न्हवं?”

“तुम्हाला लागंल.”

“लागू दे. पडला की पडला.”

धैर्यशीलनं त्यांच्याकडं बघितलं. वस्ताद हसत नव्हते...

त्यानं त्यांना धरून पायरीपाशी आणलं आणि बसवलं. मग पुन्हा खोरं घेतलं.

या वेळी तो सावकाश उकरत होता. खोरं ठेवून खाली बसला, ढेकळं हातांनी फोडली. बोटांना लागले ते खडे वेचून बाहेर टाकले. कुठं टाच बसेल, कुठं कंबर टेकेल, डोकं कुठं येईल, हे बघत बघत माती भुसभुशीत केली. खांदा दुखत होताच. वस्तादांनी चिरलेली लिंबं आणून दिली, ती त्यानं पिळली आणि पुन्हा माती खालीवर केली. मगाशी जिथं घाईनं उकरलं होतं, तिथंही जाऊन आला.

“आता या,” तो म्हणाला.

वस्ताद येऊन उभे राहिले. त्यानं पट काढला खरा, पण पाडलं म्हणण्यापेक्षा निजवलं म्हणायला हवं. एक हात कमरेखाली आणि एक डोक्याखाली.

वस्ताद पाठीवर पडून वर पत्र्याकडं बघत होते.

“पाठ लागली?” त्यांनी विचारलं.

“लागली.”

“मग जिकलास तू.”

“हो...”

“आता नाच.”

धैर्यशील दोन पावलं मागं सरला.

“नाच की. हौस हाय न्हवं तुला? कर सुरुवात.”

“वस्ताद, नको ना...”

“शिव्या कुठल्या घालायच्या त्या घाल. माजी आय कवाच गेली, तिला काय ऐकू यायचं न्हाई.”

धैर्यशील मटकन मातीत बसला. एवढा दांडगा गडी, पण लहान पोरासारखा रडायला लागला. वस्ताद पडल्या पडल्या त्याच्याकडं बघत राहिले. त्यांनी त्याला गप्प केलं नाही. रडू ओसरू दिलं.

“आता उठीव तरी मला,” मग ते म्हणाले. “म्हातारा मानूस हाय. किती येळ निजू असा?”

रडता रडता त्याला हसू फुटलं. त्यानं त्यांना उठवून बसवलं. लिंबाची ओली माती पाठीला चिकटली होती, सुरकुत्यांत शिरली होती. वस्तादांनी हात मागं नेला, तो खांद्यापर्यंतच पोचला.

धैर्यशील त्यांच्या मागं बसला आणि पाठ झटकायला लागला.

हीसुद्धा या तालमीची रीत होती. जिंकणाऱ्यानं हरलेल्याच्या पाठीची माती झटकायची. त्या जत्रेत त्याचा खांदा निखळला, तेव्हा समोरचा मल्ल दुसऱ्या गावचा होता, त्याला ही रीत कुठली माहीत असायला? हलग्या वाजत होत्या, फेटे उडत होते, लोक त्याला खांद्यावर घेऊन गेले. धैर्यशील मैदानात पालथा पडून होता. आणि कुणाचा तरी हात पाठीवर फिरला. दुखरा खांदा चुकवून, सावकाश, माती झटकत राहिला. मान वळवून बघायची त्याला गरज पडली नव्हती. तो हात पाठीवर आला नसता तर मी पुन्हा माणसांत आलोच नसतो, असं पुढं तोच सांगायचा.

आता तो तसंच सावकाश झटकत होता. जिथं माती निघेना, तिथं त्यानं स्वतःचा शर्ट काढून ओला केला आणि पुसलं. वस्ताद डोळे मिटून बसले होते.

“झालं, वस्ताद,” तो शेवटी म्हणाला. “सगळी निघाली.”

“नीट बगितलंस?”

“बघितलं. कणसुद्धा राहिला नाही.”

वस्ताद त्याच्या आधारानं उठले. सदरा घातला, गुंड्या लावल्या, टोपी सारखी केली. पायरीवर उपडा ठेवलेला मोबाईल उचलून सदऱ्याला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

आता वस्ताद समितीशी बोलणार, असं धैर्यशीलला वाटलं. त्यानं डोळे पुसले आणि मोबाईल त्यांच्या चेहऱ्यासमोर धरला.

“बोला, वस्ताद.”

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं आणि मोबाईल हळूच त्याच्याकडं वळवला.

“आन त्या पोराच्या पाठीची माती?”