डफळे सर आणि वारजाईची वाट

वारजाईच्या पठारावर पवनचक्क्या यायच्या कितीतरी आधी, घाटातून दिवसाला एकच एसटी वर यायची त्या काळात, आमच्या गावच्या कॉलेजात डफळे सर आले. कॉलेज म्हणजे चार खोल्या आणि एक घंटा. सरांना खेळ शिकवायला नेमलं होतं. असं म्हणतात की ते एसटीने आलेच नाहीत. काखेत बास्केटबॉल मारून अख्खा घाट चालत चढले, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांनी तो लाल भोपळा समजून केवढ्याला दिला म्हणून विचारलं.

मैदान सरांनी स्वतः केलं. पोरींना हाताशी घेऊन मुरूम पसरला, चोपण्याने चोपला, वरून शेणाने सारवला. दोन टोकांना सागाचे खांब रोवले आणि विहिरीवरच्या मोटांची जुनी लोखंडी कडी लोहाराकडून नीट करून वर ठोकली. पोरी का, तर मुलगे शिकायला खाली शहरात जायचे आणि वर राहायच्या त्या पोरी. त्यातल्या निम्म्या या खेळापायीच कॉलेजात टिकून होत्या. खेळ नसता तर केव्हाच लग्नं होऊन गेल्या असत्या.

आता आमचं वारं तुम्हाला सांगायला हवं. ताटात वाढलेली भाकरी उडून शेजारच्या ताटात जायची, असं वारं. ते कायम मावळतीकडून यायचं. सरांनी त्याच्याशी भांडण केलं नाही. त्यांनी पोरींना कड्याच्या वीतभर मावळतीकडे नेम धरायला शिकवलं, म्हणजे वारंच चेंडू आणून कड्यात टाकायचं. असं म्हणतात की सर देवळाच्या पायरीवर बसून चेंडू भिरकवायचे आणि तो पिंपळाला वळसा घालून कड्यात पडायचा. पिंपळ अजून आहे, बघून या.

दिवसातून एकदाच वारं पडायचं, तिन्हीसांजेला, दिवा लावून होईतो. त्या वेळी वारजाई देवळातून निघून झऱ्यावर पाणी प्यायला जाते, असं गाव मानतं. तेवढा वेळ कुणी काही फेकायचं नाही, हात उगारायचा नाही. गोफण खाली, काठी खाली. सर परगावचे होते, पण त्यांनी ही रीत पाळली. वारं पडलं की शिट्टी वाजायची आणि पोरी जागच्या जागी मांडी घालून बसायच्या. वर्षानुवर्षं असंच चाललं.

त्या वर्षी पोरी तालुक्यात जिंकल्या आणि पहिल्यांदाच विद्यापीठाच्या सामन्याला शहरात गेल्या. सामना होता छपराखाली, चारी बाजूंनी बंद हॉलमध्ये. दार लागलं आणि आत वारं पडलं. पोरींच्या अंगात एकदम तिन्हीसांज शिरली. टाकलेला प्रत्येक चेंडू कड्याच्या वीतभर मावळतीकडे जाऊन पडला, आणि मग तर हातच उचलेनात. त्यांची पुढारी शेवंता कोळपे, मेंढपाळाची धिप्पाड लेक, कधी कुणाला न भ्यायलेली. ती मैदानाच्या मध्येच खाली बसली. समोरच्या पोरी हसून हसून लोळल्या. आमची पाटी कोरी ती कोरीच राहिली.

गावात बातमी आधीच पोचली होती. एसटी थांबली तेव्हा वेशीवर गर्दी होती, आणि तोंडाला येईल ते लोक बोलत होते. पोरी शहर बघून भुलल्या, खेळायचं सोडून मिरवत बसल्या, वगैरे. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब तिथेच होते. मैदानाच्या जागी मंगल कार्यालय बांधायचं त्यांच्या कधीपासून मनात होतं. आता खांब उपटायचे, पावसाळा सरला की पाया खणायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. शेवंताचा बापही गर्दीत होता. त्याच्याकडे स्थळ येऊन पडलेलं होतं. पहिलं लग्न कुणाचं लागणार हे वेगळं सांगायला नको.

पोरी गाडीतून उतरेनात. मग सर उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक पोरींची नाही. चूक माझी आहे. मी त्यांना पडल्या वाऱ्यात एक चेंडूसुद्धा टाकू दिला नाही."

मास्तराने चारचौघांत चूक कबूल करायची, हे आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाया तसाही पावसाळ्यानंतरच खणायचा होता, आणि पुढचे सामने त्याआधी होते. तेवढी मुदत नानासाहेबांनी दिली.

आता पडल्या वाऱ्यात खेळायचं तर रीत मोडायला हवी. सर वारजाईच्या पुजारणीकडे गेले. धुरपा आजी तिचं नाव, वयाने देवळाएवढी. सरांनी सगळं सांगितलं. आजीने देवीला कौल लावला, पण वारं पडलेलं, फूल काही केल्या खाली येईना. बराच वेळ बघून आजीच म्हणाली, "तिला पाण्याला जायाचंय, मास्तर. तिची वाट सोडा न् खेळा की. तिनं कवा न्हाई म्हटलं?"

देवीची वाट नेमकी मैदानाच्या मधोमध जात होती. सरांनी रांगोळीने दोन रेघा मारल्या, आणि त्या दोन रेघांच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही असं ठरलं. उन्हाळाभर रोज तिन्हीसांजेला पोरी खेळल्या. अलीकडून पलीकडे चेंडू द्यायचा तर देवीच्या डोक्यावरून द्यायचा. सुरुवातीला चेंडू वाटेत पडायचा, तेव्हा त्याच्यासाठी थांबायचं, वारं आल्यावर उचलायचा. हळूहळू पडायचा थांबला.

कॉलेजचं नवं वर्ष लागलं आणि भर पावसाळ्यात सामने आले. तोच हॉल, तोच संघ समोर. दार लागलं, वारं पडलं. आमच्या पोरींनी मैदानाच्या मधली पट्टी मोकळी सोडली. समोरच्यांना वाटलं, या घाबरल्या. त्या मधे दाटी करून उभ्या राहिल्या आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जात राहिला. शेवटी बरोबरी झाली आणि चेंडू शेवंताच्या हातात आला. ती हलेना. असं म्हणतात की त्या वेळी हॉलमधले पंखेसुद्धा थांबले. वीज गेली असेल, असं शहाणे म्हणतात. म्हणोत. मग तिने हात उचलला, आणि चेंडू कड्याला न शिवता आत गेला.

मंगल कार्यालय पुढे ओढ्यापलीकडे झालं. शेवंताचं लग्नही तिथेच लागलं, पण बीए झाल्यावर, आणि तिला पसंत पडलेल्या मुलाशी. सर केस पांढरे होईतो शिकवत राहिले. ज्यांना शिकवलं त्यांच्या लेकींनाही शिकवलं. असं म्हणतात की ते गेले त्या संध्याकाळी वारं पडलं ते सकाळपर्यंत उठलंच नाही, आणि त्यांच्या उशाशी लावलेली पणती रात्रभर उघड्यावर तेवत राहिली.

आमच्या पोरी दरवर्षी जिंकतात असं नाही. हरतातच जास्त. पण हरून आल्या की गाव अजून वेशीवर जमतं. आधी शिकवणारा उतरतो आणि मोठ्याने म्हणतो, "चूक माझी." मग बाया भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि पोरी मान वर करून खाली उतरतात.