अस्वलाच्या मापाची काठी

डोंगरावरचं गोल्फचं मैदान माणसं सोडून गेली आणि तिथे प्राणी खेळू लागले, तेव्हाची ही गोष्ट. एका अस्वलाला काठी घ्यायची होती, पण कुठली ते ठरेना. दुकानातली सिंहछाप काठी हातात असली की सगळे वळून बघत. सुतारपक्षी मात्र अंगाचं माप घेऊन काठी करून द्यायचा. अस्वलाने आठवडाभर डोकं खाजवलं आणि शेवटी दोन्ही घेतल्या.

सिंहछाप काठीची मूठ त्याच्या पंजात गरगर फिरायची. मापाची काठी इतकी लांब झाली, की चेंडूच्या अलीकडेच माती उकरायची. अस्वल चक्रावून सुतारपक्ष्याकडे गेलं.

"सुतारदादा, माझ्याच मापाची काठी मलाच कशी होत नाही?"

"जरा मारून दाखवा."

अस्वल गुडघे मोडून, कमरेत वाकून उभं राहिलं.

"माप देताना तुम्ही असे उभे नव्हतात," सुतारपक्षी म्हणाला. "छाती पुढे काढून, टाचा उचलून उभे होतात."

"चारचौघांसमोर माप द्यायचं, तर वाकून कसं उभं राहणार?"

"मग ही काठी त्या ताठ अस्वलाची आहे. ते कधी खेळायला आलं, तर त्याला द्या."