ढवळीची मान

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक शाळकरी मुलगी होती. गणितं ती झटपट सोडवायची. उत्तर आलं की पाटी बाजूला, पुन्हा वळून बघणं नाही.

तिची एक लाडकी शेळी होती, ढवळी. शेजारच्या काकूंच्या मेथीच्या वाफ्यात ढवळी पुन्हा पुन्हा शिरू लागली, तेव्हा मुलीचे आबा चिडले.

"आता एकदा जरी तिनं तिथे तोंड घातलं, तर येत्या बाजारी विकून टाकीन!"

मुलगी घाईघाईनं म्हणाली, "आबा, मी बांधते ना तिला! दावं दहा हात लांब आहे. म्हणजे ढवळी दहा हातांच्या वर्तुळात चरेल. खुंटी वाफ्यापासून दहा हातांवर ठोकली की झालं!"

खुंटी ठोकून ती शाळेत गेली. परत येते तो काकू बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"बघ तुझ्या लाडकीचे प्रताप!"

वाफ्याच्या कडेची मेथी फस्त झाली होती. भाकरीची कड मोडावी तशी, मधे खोल आणि दोन्ही टोकांना निमुळती.

मुलगी रडवेली झाली. पण त्या आकाराकडे बघता बघता तिचे डोळे चमकले. हा तर वर्तुळाचाच तुकडा!

"काकू, मी दावं मोजलं, पण ढवळीची मान धरलीच नाही! दावं तिच्या गळ्याला, तोंड त्याच्याही पुढे. आता तेवढी लांबी क्ष धरली तर..."

"क्ष धर नाहीतर ज्ञ धर, माझी मेथी गेली ती गेलीच!" काकू फणकारल्या. पण तिचा चेहरा बघून विरघळल्या. "बरं, आज आबांना सांगत नाही. उद्या एका पानाला जरी तोंड लागलं, तर मीच हिला बाजारात नेईन."

मेथी जिथे सगळ्यात खोलवर खाल्ली होती, तिथे मुलीनं हात टेकवून मोजलं. बरोबर एक हात. तोच क्ष! तिनं खुंटी हातभर मागे घेतली. वर आणखी चार बोटं, काकूंच्या समाधानासाठी.

दुसऱ्या दिवशी ढवळीनं मान ताणली, जीभही बाहेर काढली. मेथी चार बोटं लांबच राहिली.

काकूंना हसू आवरेना. त्यांनी स्वतःच एक जुडी उपटली आणि ढवळीपुढे धरली. "घे गं बाई, फार ताणू नकोस!"

बाजाराच्या दिवशी आबा एकटेच गेले. येताना ढवळीसाठी घुंगरू घेऊन आले.

तात्पर्य: ज्याच्यासाठी गणित मांडायचं, त्याच्याकडे आधी नीट पाहावं; तरीही चुकलंच, तर रडत न बसता त्या चुकीलाच उत्तर विचारावं.